डी८०ए-१२ डोझर : उभं मशीन चालू करायच्या नोंदी

१६ नोव्हेंबर २०२४

आलं एकदाचं मशीन शेडात. बीईएमएल या सरकारी कंपनीचा डी८०ए-१२, कोमात्सुच्या लायसनवर आपल्याकडं बनलेला, एका सहकारी साखर कारखान्याच्या आवारात चिलारीत उभा होता. सभासदांच्या रानाचं सपाटीकरण करायला घेतलेला, मग ऑपरेटर रिटायर झाला, नवीन कुणी शिकला नाही आणि पोकलेन जेसीबी आल्यावर तर कुणी त्याच्याकडं बघितलंच नाही. लिलावात बोलीला सगळे भंगारवाले, कापून लोखंड न्यायला आलेले. मला ते बघवलं नाही. ब्लेड सरळ आहे, फ्रेमला तडा नाही, फायनल ड्राइव्हमधनं, म्हणजे चेन फिरवणाऱ्या गिअरांच्या पेटीतनं, ऑइल गळत नाही, असं मशीन गॅस कटरखाली घालायचं म्हणजे पापच.

आमच्याकडं विट्याच्या बाजूला टेंभूचं पाणी आलंय आणि जे माळ आजवर मेंढरांशिवाय कुणाच्या कामाचे नव्हते तिथं आता लोकांना द्राक्ष डाळिंब ऊस करायचाय, त्यासाठी रान लेव्हल पाहिजे. पोकलेन खणतं झकास पण दोन एकराचं रान एका पातळीत आणायचं काम डोझरचंच, वीस टनाच्या आसपासचं वजन दोन चेनवर पसरून ब्लेड जमिनीवरनं जातं ते वेगळंच काम होतं. त्यामुळं हे मशीन शोपीस म्हणून नाही, कामाला लावायचंय.

२० नोव्हेंबर

स्टार्टर मारायचा नाही हे पहिलं ठरवलं. गावातले सगळे म्हणत होते बॅटऱ्या जोडा आणि एकदा फिरवून बघा, पण उभ्या इंजिनात काय साठलंय ते बघितल्याशिवाय फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकायची भीती असते, पिस्टनवर पाणी असेल तर ते दबत नाही, लोखंड वाकतं. डिपस्टिक काढली तर ऑइल दिसायला चहासारखं. सकाळी उठल्यावर कुणी हात लावायच्या आत संपचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा, ड्रेन प्लग नुसता सैल केला, रात्रभर स्थिर असल्यानं पाणी खाली बसलेलं असतं, ते आधी आलं. स्वच्छ नाही, गंजकं लालसर पाणी, बराच वेळ बारीक धार लागली आणि मग काळं ऑइल सुरू झालं. म्हणजे रेडिएटरचं पाणी आत उतरतंय हे नक्की.

इंजिन एनएच-२२०, कमिन्सच्या डिझाइनचं. सहा सिलिंडर, बोअर सव्वापाच इंचाला एक अष्टमांश कमी म्हणजे १३०.२ मिमी, स्ट्रोक ६ इंच, एकूण ७४३ क्युबिक इंच म्हणजे बारा लिटरच्या वर. टर्बो नाही. या इंजिनाचा मोठा फायदा म्हणजे हे घराणं आपल्याकडं खूप जुनं आहे, किर्लोस्कर कमिन्स पुण्यात १९६२ ला सुरू झाली तेव्हापासून या जातीची इंजिनं उघडून बसवून हात काळे केलेले मिस्त्री आजही सापडतात. आमचे मिस्त्री त्यातलेच, वय सत्तरच्या पुढं, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांना फोन केला तर म्हणाले "हात लावू नकोस, मी येतो."

२४ नोव्हेंबर

अण्णा आले. सगळ्यात आधी त्यांनी इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरात डिझेल फवारणारे भाग, काढायला लावले आणि मग बार लावून क्रँक हातानं फिरवला. फिरला. त्या क्षणी शेडात सगळ्यांचे चेहरे उजळले कारण जाम निघाला असता तर खर्चाचा हिशोबच बदलला असता.

मग पाणी कुठनं उतरतंय ते शोधायचं. अण्णांची पद्धत साधी आणि खात्रीची. संप खोलला, खालून क्रँक आणि लायनरची (पिस्टन ज्यात फिरतो त्या नळकांड्याची) टोकं उघडी, रेडिएटरला पाणी भरून कॅपच्या जागी अडॅप्टर लावून हातपंपानं थोडं प्रेशर दिलं आणि खाली पुठ्ठा अंथरून टॉर्च घेऊन पाठीवर पडून राहिलो. पुठ्ठ्यावर प्रत्येक सिलिंडरच्या जागी खडूनं नंबर लिहिलेला. पहिलं टिपूस पाचव्याखाली पडलं, थोड्या वेळानं दुसऱ्याखाली. पाचव्याच्या लायनरच्या बाहेरच्या अंगानं थेंब ओघळताना स्पष्ट दिसत होता, म्हणजे पाणी अडवणाऱ्या खालच्या ओरिंगी, रबराच्या रिंगा, गेल्यात. दुसऱ्याचं मात्र लायनरच्या आतल्या अंगानं येत होतं. अण्णा म्हणाले "हा लायनरच भोकला असणार, नाहीतर वर हेड गेलंय. हेड काढल्याशिवाय कळायचं नाही."

५ डिसेंबर

हेड काढले. या इंजिनाला तीन हेड, एकेक हेड दोन सिलिंडरवर, त्यामुळं दोन माणसांत उचलाउचल जमते आणि एक हेड खराब निघालं तर तेवढंच बदलता येतं. अण्णांचं दोन्ही खरं ठरलं, पहिल्या दुसऱ्या सिलिंडरवरच्या हेडात व्हॉल्व्ह सीटच्या मधोमध केसाएवढा तडा आणि दुसऱ्याच्या लायनरला आरपार भोक.

लायनर पुलरनं ओढून बाहेर काढला तेव्हा नीट बघायला मिळालं. बाहेरच्या अंगाला, म्हणजे पाण्याच्या बाजूला, एका उभ्या पट्ट्यात नुसती बारीक बारीक भोकं पडलेली, सुई टोचल्यासारखी, आणि बरोबर त्याच बाजूला जिथं पिस्टन आपटतो. बाकीचा लायनर शाबूत. हे गंजानं नाही होत. पिस्टन लायनरला आपटला की लायनर घंटेगत थरथरतो, त्या थरथरीनं पाण्यात बुडबुडे होतात आणि फुटतात आणि फुटताना लोखंडाचा कण कण उडवतात, अशी वर्षानुवर्षं चालली की एक दिवस भोक आरपार. म्हणून या इंजिनात साधं विहिरीचं पाणी घालायचं नसतं, पाण्यात मिसळायचं ॲडिटिव्ह असतं ते लायनरवर एक पातळ थर धरतं आणि बुडबुडा फुटला तरी तो थर झिजतो, लायनर नाही. आमच्या भागात हे कुणी पाळत नाही, रेडिएटर कमी झाला की कॅनॉलचं पाणी ओततात. बाकीच्या पाचांनाही कमी जास्त टोचण्या होत्या. सहाच्या सहा बदलायचे ठरवले, एक दोन बदलून परत सगळं उघडायची आपली तयारी नाही.

१४ डिसेंबर

लायनर पिस्टनचं किट शोधायला लागलो आणि इथं जुन्या मशीनवाल्यांसाठी सगळ्यात कामाची गोष्ट लिहून ठेवतो. दुकानात "डी८० चं किट द्या" म्हंटलं की कुणीही काहीही काढून देतो. एका दुकानानं अगदी खात्रीनं जे किट काढलं ते ८५५ चं, म्हणजे याच घराण्यातल्या मोठ्या इंजिनाचं होतं. दिसायला सारखंच, स्ट्रोकही दोन्हीचा ६ इंचच, पण ८५५ चा बोअर साडेपाच इंच म्हणजे १३९.७ मिमी. माझ्याकडं व्हर्निअर खिशातच असतो, पिस्टनला लावला आणि परत ठेवलं. दुकानदाराचा राग नाही, त्याच्याकडं ८५५ ची गिऱ्हाइकं दहापट जास्त. पण किट पार्सलनं मागवलं असतं तर येणं जाणं आणि भांडण.

म्हणून आता एक वही केलीय. प्रत्येक पार्टाचा जुन्यावरचा कोरलेला नंबर, तो घासून वाचता येत नसेल तर कच्च्या कागदावर पेन्सिलीनं घासून उमटवलेला, आणि खाली आतला व्यास, बाहेरचा व्यास, उंची. फोटो पाठवताना शेजारी पट्टी ठेवायची. दिल्लीच्या मोरी गेटला अर्थमूव्हिंगच्या पार्टांची दुकानं आहेत, तिथं एकाला हे सगळं पाठवलं तर संध्याकाळपर्यंत उत्तर आलं की माल आहे, फक्त क्रेव्हिस सील (लायनरच्या खालच्या अंगाला बसणारी रिंग) वेगळं घ्या. ओरिंगी ऑइल सील बेअरिंग मुंबईच्या नागदेवीला मापावर मिळतात, तिथं मशीनचं नावच सांगायचं नाही, आतला बाहेरचा व्यास आणि जाडी सांगायची आणि पाण्यासाठी का गरम ऑइलसाठी ते सांगायचं. रबराची जात त्यावर ठरते.

२८ डिसेंबर

पीटी पंप, म्हणजे या इंजिनाचा डिझेल पंप, आणि इंजेक्टर. गावातला पंपवाला म्हणाला आण इकडं, करून देतो, पण नको. बाकीच्या डिझेल इंजिनात पंपच प्रत्येक सिलिंडरला जोराचा डिझेल मारतो आणि सहा जाड नळ्या जातात, यात तसं नाही. यात पंप हलक्या दाबानं डिझेल सगळ्या इंजेक्टरांना एका लाइनीवर देतो, आणि मारायचं काम इंजेक्टर स्वतः करतो, कॅमवरनं पुशरॉड, रॉकर आणि मग प्लंजर. जादाचा डिझेल इंजेक्टर थंड करून टाकीत परत. पंपाचं प्रेशर आणि इंजेक्टरचं तोंड किती वेळ उघडं, या दोन्हीवर डिझेल ठरतं म्हणून नाव पीटी, प्रेशर टाइम. म्हणजे हा पंप साध्या बेंचवर लागतच नाही, पीटीचा वेगळा स्टँड लागतो. पुण्याला एका जुन्या माणसाकडं पाठवला.

इंजेक्टर पाठवताना प्रत्येकाचा प्लंजर त्याच्याच बॉडीत ठेवून वेगवेगळ्या पिशवीत, वर सिलिंडर नंबर. प्लंजर आणि बॉडी जोडीनं लॅप केलेली, म्हणजे एकमेकांवर घासून जुळवलेली असते, अदलाबदल झाली की जोडी वाया.

११ जानेवारी २०२५

गोव्याला जाऊन आलो. हेड नवीन मिळणं अवघड आणि मिळालं तर परवडणारं नाही, म्हणून जुनं पण चांगलं शोधायचं. गोव्यात खाणींवर या मशीनांची रांगच होती एकेकाळी. २०१२ ला खाणी थांबल्या, मधे थोड्या चालल्या, मग २०१८ ला सुप्रीम कोर्टानं ८८ लीज रद्द केली, आणि डोझर, लोडर, टिपर जागच्या जागी उभे राहिले. डिचोली साखळीच्या पट्ट्यात अजून कित्येक यार्डात तांबड्या मातीनं माखलेली मशीनं आहेत. त्यांच्या मालकांशी बोलताना वाईट वाटतं, बँकेचं कर्ज काढून घेतलेली मशीनं लोकांनी शेवटी किलोच्या भावानं दिली. ज्यांच्याकडनं हेड घेतलं त्या काकांनी माझं मशीन कामाला लावायचंय ऐकल्यावर चहा पाजला आणि स्वतः पान्हा घेऊन आले.

तिथं एक गोष्ट बघून घ्यावी लागते. या घराण्यात हेड दोन जातीचे येतात, एकात इंजेक्टर फ्लँजनं बसतो आणि डिझेलची लाइन बाहेरनं येते, दुसऱ्यात इंजेक्टर गोल नळकांड्यासारखा आणि डिझेल हेडाच्या आतल्या छिद्रांतनं फिरतो. एकाचा इंजेक्टर दुसऱ्यात बसत नाही. आपलं फ्लँजवालं. यार्डातल्या तीन मशीनांत दोन दुसऱ्या जातीची निघाली, तिसऱ्याचं हेड घेतलं, शिवाय एक वॉटर पंप, चेन ज्यांच्यावरनं फिरते ते दोन टॉप रोलर आणि चार खालचे रोलर. रोलर घेताना हातानं फिरवून काही कळत नाही, अण्णांनी सांगितल्याप्रमाणं एक सील खोलून फेस बघितला. फ्लोटिंग सीलच्या दोन लोखंडी रिंगा एकमेकीवर घासतात तिथं चकचकीत पट्टा असतो, रिंग नवी असताना तो बाहेरच्या कडेला, जशी झिजेल तसा आत सरकत जातो. आम्ही खोललेल्या सीलचा पट्टा अजून बाहेरच्या निम्म्यात होता, म्हणजे बरंच आयुष्य बाकी.

येताना पिकअप भरलेला म्हणून तिलारीनं न येता दोडामार्ग सावंतवाडी आंबोलीनं आलो. हेड दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला उद्यमनगरात प्रेशर टेस्टला टाकलं, गरम पाण्यात बुडवून हवा देतात. बुडबुडा नाही. फेसिंग आणि व्हॉल्व्ह सीट करून घेतल्या.

२ फेब्रुवारी

इंजिन परत जोडून बंद करायच्या आधी चेनचा निकाल लावायचा होता कारण डोझरचा निम्मा खर्च खाली चेनमध्येच असतो, इंजिन नाही. घेणारा माणूस इंजिनचा आवाज ऐकून मशीन घेतो आणि चेननं मरतो.

माप असं घेतलं. चेन ताणली, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या, स्प्रॉकेटच्या दातात लाकडी ओंडका अडकवून मशीन ओढून घेतलं, आणि मग एका पिनच्या मध्यापासून चार कड्या सोडून पाचव्या पिनच्या मध्यापर्यंत टेप. ते नव्या चेनच्या पिचशी, म्हणजे एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतच्या अंतराशी, ताडून बघितलं.  दोन्ही चेनला कडीला साधारण सव्वादोन मिमी ताण निघाला. तीनच्या पुढं गेला की बुश (पिनवर बसणारी लोखंडी नळी) आरपार झिजत येतो आणि मग उलटवून काही उपयोग नाही, नवीनच घालायचे. आपण अगदी बरोबर वेळेला पकडलं.

पिन बुश उलटवणे म्हणजे झिजलेली बाजू मागं जाते आणि कोरी बाजू स्प्रॉकेटवर येते, पिच परत नव्याच्या जवळ येतो. त्याला ट्रॅक प्रेस लागतो, हातोड्यानं आणि गॅसनं करणारे आहेत पण कड्यांची भोकं सैल होतात आणि पुढच्या वेळी चेनच जाते. शिरोळीला प्रेसवाला आहे, तिथं नेल्या. चेन सोडताना ॲडजस्टरचा, म्हणजे ग्रीस भरून चेन ताणायच्या सिलिंडरचा, ग्रीस व्हॉल्व्ह एकच फेरा सैल करायचा आणि समोर तोंड न्यायचं नाही, आत ग्रीस प्रचंड दाबाखाली असतं आणि व्हॉल्व्ह निसटला तर गोळीगत येतो. आणि रिकॉइल स्प्रिंग, म्हणजे चेनला बसणारे धक्के झेलणारी जाड स्प्रिंग, तर उघडायचीच नाही. त्याचा जो बोल्ट आहे तो ताणलेल्या स्प्रिंगला धरून आहे, प्रेसशिवाय त्याला पान्हा लावला तर माणूस जातो. आमच्या शेडातल्या पोरांना मी तो बोल्ट तांबड्या रंगानं रंगवून दाखवला.

स्प्रॉकेटचे दात टोकदार झालेत पण अजून एक हंगाम काढतील. नवा स्प्रॉकेट उलटवलेल्या चेनवर घालून फायदा नाही, पुढच्या वेळी चेन आणि स्प्रॉकेट एकदमच.

१६ फेब्रुवारी

लायनर बसवले. हा दिवस सगळ्यात हळू गेला आणि तसाच जायला पाहिजे होता. ब्लॉकमधली ओरिंगीची जागा बोटानं चाचपून, तिथला गंज पॉलिश पेपरनं काढून, मग ओरिंगी पीळ न पडता बसवून वर रंगीत पेननं एक रेघ मारली, लायनर खाली गेल्यावर रेघ सरळ दिसली तर ओरिंग गुंडाळली नाही हे कळतं. ही अण्णांची युक्ती.

मग प्रोट्रूजन. लायनर ब्लॉकच्या वर थोडा डोकावायला पाहिजे, तीन ते सहा थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ), तेवढाच, म्हणजे हेड त्याला दाबून धरतं. कमी असेल तर गॅस्केट उडतं, जास्त असेल तर लायनरची कड तुटते. डायल गेजनं चार जागी मापलं. पाचवा दोनवर आला, त्याच्याखालची काउंटरबोअरची, म्हणजे ब्लॉकमध्ये लायनर टेकतो त्या खाचेची, कड खाल्लेली. तिथं कटर लावून कड सपाट केली आणि शिम, म्हणजे पातळ पत्र्याची रिंग, घातली, पाचवर आणला. सगळे एकमेकांच्या एका थाऊत आहेत, शेजारच्या दोघांवर एकच हेड बसतं म्हणून हे महत्त्वाचं.

मेन बेअरिंग आणि बिग एंडचे शेल बघितले, पाण्यामुळं दोन शेलवर काळे डाग, सगळे नवीन घातले, क्रँकचं माप स्टँडर्ड निघालं.

१ मार्च

हेड टाइट, रॉकर बसले. टॅपेट लावायला, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवायला, पुलीवर तीन खुणा असतात, १-६, २-५ आणि ३-४, शेजारी व्हीएस, म्हणजे व्हॉल्व्ह सेट. क्रँक फिरवून खूण आणायची, त्या जोडीतल्या ज्याचे व्हॉल्व्ह बंद आहेत त्याचं लावायचं, फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४ नुसार पुढं. एका सिलिंडरला आधी इंजेक्टर, मग क्रॉसहेड (दोन व्हॉल्व्ह एकदम दाबणारी आडवी पट्टी), मग व्हॉल्व्ह. इंजेक्टर फीलरनं, म्हणजे फट मापायच्या पट्टीनं नाही, इंच पाउंडाच्या टॉर्क पान्ह्यानं लावतात, कारण प्लंजर कपात किती दाबून बसतो ते ठरवायचं असतं. अण्णा स्वतः करत होते आणि मी पान्हे देत होतो, मधे एकदा त्यांनी मला तिसऱ्याचा लावायला दिला आणि परत स्वतः तपासला, म्हणाले "बरोबर आहे, पुढचा पण तूच कर."

९ मार्च

चालू झाला!!

आधी डिझेलचा शटऑफ बंद ठेवून स्टार्टर मारला, चोवीस व्होल्ट, दोन नव्या बॅटऱ्या सिरीजला, ऑइल प्रेशरचा काटा उठेपर्यंत थांबत थांबत. मग शटऑफ उघडला. लगेच पकडलं पण आवाज वर खाली होत होता, पांढरा धूर. सगळे घाबरले, अण्णा शांत. सक्शनच्या लाइनीत त्यांनी पारदर्शक पाइपचा एक तुकडा घातला आणि त्यात बुडबुडे पळताना दिसले. फिल्टरच्या वरच्या वॉशरमधनं हवा ओढत होतं. या पंपाला पुढच्या बाजूला गळती झाली तर डिझेल टिपकतो आणि दिसतो, सक्शनला झाली तर काहीच टिपकत नाही, नुसती हवा आत येते, म्हणून पारदर्शक पाइप. वॉशर बदलला, बुडबुडे थांबले आणि मग जो आवाज लागला त्याला तोड नाही, जड, एकसुरी, पायाखालची जमीन दणदणणारा. शेजारच्या वस्तीवरची म्हातारी माणसं बघायला आली, त्यातल्या एका आबांच्या रानाचं सपाटीकरण याच मशीननं केलेलं. ते चेनवर हात ठेवून बराच वेळ उभे होते.

२३ मार्च

चेन आल्या, घातल्या. ताण आयडलर (चेनच्या पुढच्या टोकाचं चाक) आणि टॉप रोलरच्या मधे पट्टी ठेवून मापला, पट्टी ते शू, म्हणजे चेनवरची पट्टी, वीस ते तीस मिमी झोळ ठेवायचा. आमचे लोक चेन कडक ताणतात, बरी दिसते म्हणून, आणि मग बुश आणि आयडलर दुप्पट झिजतात. मुरमात काम करताना तर माती भरून ती आणखी ताणते.

कटिंग एज, म्हणजे ब्लेडच्या तळाची धारेची पट्टी, उलटी करून लावली, खालची धार संपलेली, वरची कोरी. बोल्ट सगळे गॅसनं कापावे लागले. डावीकडं वळताना स्टिअरिंग क्लच, म्हणजे वळताना त्या बाजूच्या चेनची ताकद तोडणारा क्लच, जरा उशिरा सोडत होता, लिंकेज ॲडजस्ट केल्यावर फरक पडला पण पूर्ण नाही.

६ एप्रिल

खानापूरच्या बाजूला पहिलं काम, दीड एकर माळ, वर मुरूम खाली कातळाची पट्टी. टेंपरेचर हिरव्यात, ऑइल प्रेशर गरम झाल्यावरही टिकून. संध्याकाळी थंड झाल्यावर ड्रेन प्लग सैल करून बघितला, थेंबभर पाणी नाही. मालकानं दोरी लावून पातळी बघितली आणि शेजारच्यानं लगेच त्याचं रान धरायला सांगितलं.

रेडिएटरमध्ये आता ॲडिटिव्ह घातलेलं पाणी आहे, कॅपला वायर बांधून शिशाचं सील मारलंय आणि ऑपरेटरला सांगितलंय की पाणी कमी झालं तर मला फोन, कॅनॉलचं टाकायचं नाही. पन्नास तासाला पहिलं ऑइल बदलायचं, फिल्टर कापून आत चमक दिसते का बघायची. पावसाआधी डाव्या स्टिअरिंग क्लचच्या प्लेटी काढून जाडी मापायची आहे. वहीत जागा ठेवलीय. कुणाकडं डी८०ए-१२ च्या क्लच प्लेटी असतील तर दात किती, आतला बाहेरचा व्यास किती आणि जाडी किती एवढं मापून कळवा.